मुलाचं वजन वाढतंय? आधी सांगा, तो झोपतो किती वाजता

या वेळच्या पत्रांमध्ये मुलांच्या वाढत्या वजनाबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. बहुतेक पालकांनी मूल दिवसभरात काय काय खातं, ते अगदी डब्यातल्या चटणीपर्यंत लिहून पाठवलं आहे. ते मूल झोपतं कधी, हे मात्र दोन-तीन पत्रं सोडली तर कुणीच लिहिलेलं नाही. ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यातही हेच दिसतं. म्हणून यंदा झोपेशी जोडलेलीच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. उंची १२८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. आम्ही कासारवडवलीला राहतो. आहारतज्ज्ञांकडून तक्ता आणला, साखर कमी केली, बाहेरचं खाणं जवळजवळ बंद केलं, तरी तीन महिन्यांत वजन दीड किलो वाढलं. शाळेची बस सकाळी ६.२० ला येते, त्यामुळे त्याला पावणेसहाला उठवावं लागतं. मिस्टर वांद्रे-कुर्ला संकुलाहून ट्रेनने ठाण्याला आणि तिथून घोडबंदर रोडची गर्दी काढून पावणेदहाला पोहोचतात. मग सगळे एकत्र जेवतो. त्याला झोपायला सव्वाअकरा होतात. दुपारी तासभर डुलकी काढतो. नणंद म्हणते, झोप पुरी होत नाही म्हणून वजन वाढतंय. यात तथ्य आहे का? मला तर ही पळवाट वाटते.
— एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : ताई, तुमच्या नणंदेचं म्हणणं धरून चाला.

त्याची रात्रीची झोप साडेसहा तास होते. दुपारचा तास मिळवला तरी साडेसात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे तुमच्या मुलाची झोप रोज किमान दीड तास कमी पडते. उंचीच्या मानाने त्याचं वजन इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यात स्थूलतेच्या रेषेच्याही वर जातं, त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे. पण तुम्ही ताटातलं कमी करत गेलात आणि त्याच वेळी त्याचं शरीर जास्त मागत राहिलं.

हे कसं होतं, ते सांगते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक चरबीच्या पेशींत तयार होतं. भूक लागल्याचा निरोप घ्रेलिन देतं, ते मुख्यतः जठरातून येतं. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं आणि दहा तास झोपायला मिळालेल्या रात्रींशी तुलना केली. लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. भूक तर वाढलीच, पण गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढ जास्त वाढली. काकडी-टोमॅटोची नव्हे. झोप न झालेलं मूल शाळेतून आल्या आल्या बिस्किटांचा डबा का शोधतं, ते यावरून कळेल. त्याला हावरट म्हणू नका आणि घरात इतर कुणाला म्हणू देऊ नका.

तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. मुलांवरचा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ ते ११ वर्षांची ३७ मुलं, म्हणजे तुमच्या मुलाच्या जवळपासच्याच वयाची. एका आठवड्यात त्यांना नेहमीपेक्षा दीड तास जास्त झोपवलं, दुसऱ्या आठवड्यात दीड तास कमी. खाण्यावर कसलंही बंधन घातलं नव्हतं. जास्त झोपेच्या आठवड्यात त्याच मुलांनी दिवसाला सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्या. आपल्या हिशेबात साधारण दीड पोळी. तीही कुणी हातातून काढून न घेता, आपणहून कमी झाली. आहाराच्या तक्त्यातल्या दीड पोळीसाठी घरात किती रडारड होते, ते तुम्हाला माहीत आहे.

शिवाय जागं राहिलेलं मूल काहीतरी खातंच. रात्री दहाला भात, साडेदहाला 'थोडंसं गोड'. आणि दमलेलं मूल संध्याकाळी खाली खेळायला जात नाही, सोफ्यावर फोन घेऊन पडून राहतं. शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'माझा मुलगा आळशी झालाय' ही तक्रार मी रोज ऐकते, आणि त्यांतली निम्मी मुलं आळशी नसून झोपेला आलेली असतात, असं माझं मत आहे.

झोप सुधारली की वजन आपोआप उतरेल, असं मी म्हणणार नाही. घराण्यातली ठेवण, खाणं, खेळ, सगळंच मोजलं जातं. पण झोप अपुरी असताना बाकीचे उपाय टिकत नाहीत.

आता तुमच्या घराचं बघू. खरी अडचण रात्रीच्या एकत्र जेवणाची आहे आणि तिच्यामागे माया आहे. दिवसभर न दिसलेले बाबा पावणेदहाला येतात, मग मुलाला झोपवायचं कसं? माझी विनंती आहे की बाबांची वेळ सकाळी न्या. पावणेसहाला बाबांनी उठवायचं, दूध बाबांनी द्यायचं, बसच्या थांब्यापर्यंत बाबांनी चालत न्यायचं. रात्री पेंगुळलेल्या बापाबरोबर वीस मिनिटं मिळतात, त्यापेक्षा हा अर्धा तास मुलाला जास्त भरभरून मिळतो. एकत्र जेवण शनिवार-रविवारी करा.

मुलाचं जेवण साडेसातला व्हायला हवं. वरणभात, पोळी-भाजी, जे घरात असेल ते. तुम्ही साडेसहाला घरी पोहोचत असाल तर कूकर आधी लावा आणि भाजी सकाळचीच वाढा. त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका, तो चार दिवसही चालत नाही. आठनंतर टीव्ही, फोन, टॅब बंद. झोपेची वेळ एकदम सव्वाअकरावरून नऊवर आणू नका, तो छताकडे बघत पडून राहील आणि तुम्ही कंटाळून सोडून द्याल. तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. महिना-सव्वा महिन्यात नऊच्या आसपास याल. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा आणि साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका.

शाळेबद्दलही लिहिते. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. तुमच्या मुलाची बस ६.२० ला येते, म्हणजे त्याच्या शाळेत हा निर्णय पोहोचलेला दिसत नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत चार-पाच पालकांनी मिळून हा विषय लेखी मांडा. एकट्या आईचं पत्र बाजूला ठेवलं जातं.

वजन महिन्यातून एकदाच करा, आणि उंचीही. या वयात उंची वाढत असताना वजन तेवढंच राहिलं, तरी ती चांगली प्रगती आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू साडेचार वर्षांचा आहे, चोवीस किलोचा. आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत राहतो. मुलगा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहे, रात्री दोनला घर सोडतो, दुपारी बारा-एकला येतो. मग बाप-लेक दोघं दोन ते सहा झोपतात. सून हॉस्पिटलात आया आहे, ती रात्री दहाला येते. पोरगं बारापर्यंत जागं. मध्येच भूक लागली म्हणतो, मग चॉकलेटची पावडर घातलेलं दूध देते. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या वजन जास्त आहे. मला तर खात्यापित्या घरचं लेकरू वाटतं. आमच्या गावाकडं बारीक पोरांचीच काळजी होती. जाड असलं म्हणून काय बिघडलं?
— एक आजी, कोपरखैरणे

उत्तर : आजी, नमस्कार. तुम्ही गावाकडे जे पाहिलं ते खरंच होतं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या साधारण तीन मुलांतलं एक वयाच्या मानाने ठेंगणं आढळलं. पण त्याच सर्वेक्षणात दुसरंही दिसतं. राज्यात या वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झालं. दोन्ही काळज्या आता एकाच गल्लीत आहेत. अंगणवाडीच्या ताईंनी वेळेवर सांगितलं, त्यांचं ऐका. साडेचार वर्षांना चोवीस किलो खूप जास्त आहे. हे वजन पुढे आपोआप झडेलच असं नाही.

तुमच्या पत्रातली माझ्या नजरेत भरलेली गोष्ट म्हणजे दुपारी दोन ते सहा. तुमच्या मुलाला ती झोप हवीच. रात्री दोनला कामावर जाणारा माणूस दुपारी झोपला नाही तर पाठीवर ओझी उचलणार कशी? पण नातवाचं शरीर बापाच्या पाळीला बांधलं गेलं आहे. चार तास दुपारी झोपलेलं लेकरू रात्री नऊला झोपूच शकत नाही, त्यात त्याचा हट्ट नाही. त्याला एकच्या आत जेवू घाला, बापाशेजारी झोपू द्या आणि तीन वाजता उठवून बाहेर न्या. जवळच्या बागेत, मैदानात, नाहीतर शेजारणीच्या दारात. चारच्या उन्हात तास-दीड तास धावला तर त्याची रात्रीची झोप तिथेच तयार होते आणि खोलीत तुमच्या मुलालाही शांत झोप लागते.

अमेरिकेत ९७७ मुलांना साडेचार वर्षांच्या वयापासून पंधराव्या वर्षापर्यंत पाहिलं. लहानपणी रात्री आठपर्यंत झोपणाऱ्यांतली १० टक्के मुलं पंधराव्या वर्षी स्थूल होती. नऊनंतर झोपणाऱ्यांतली २३ टक्के. हा अभ्यास २०१६ चा. उशिरा झोपल्यामुळेच सगळं झालं असं त्यावरून ठरत नाही, पण फरक दुपटीहून मोठा आहे आणि मुलं नेमकी तुमच्या नातवाच्या वयाची होती. तुमच्या घरी आठ जमणार नाहीत, मला कळतं. नऊ, फार तर साडेनऊ ठेवा.

एका खोलीत हे कसं करायचं? माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांची खोली एवढीच आहे. साडेआठनंतर ट्यूबलाइट बंद करून पिवळा कमी उजेडाचा बल्ब लावा. लहान मुलांच्या डोळ्यांत उजेड मोठ्यांपेक्षा जास्त पोहोचतो. २०१८ च्या एका प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर लख्ख उजेडात बसवलं, तर झोप आणणारं मेलॅटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं, आणि दिवा बंद केल्यावर पाऊण तासानंतरही वर आलं नव्हतं. त्याचं अंथरूण टीव्हीच्या पाठीमागच्या भिंतीला टाका आणि मध्ये दोरीवर जुनी साडी सोडा. मालिका तुमच्या हक्काच्या आहेत, दिवसभर राबता. पण त्या आवाज अगदी कमी करून किंवा दुपारी पुन्हा लागतात तेव्हा बघा.

सूनबाई दहाला आल्यावर लेकरू झोपलेलं असेल, तिला वाईट वाटेल. तिच्याशी आधी बोला. सकाळची आंघोळ आणि न्याहारी तिच्या हातची होऊ द्या.

रात्रीचं चॉकलेटचं दूध बंद करा. त्यातल्या साखरेचं ओझं नको, दातांनाही ते वाईट. साडेसातला भाकरी-भाजी, वरणभात पोटभर खाल्लं असेल तर बाराची भूक लागणार नाही, कारण बाराला तो जागाच नसेल. पहिले आठ-दहा दिवस रडेल. त्या दिवसांत घरातल्या कुणीही एकमेकांच्या पाठीमागे त्याला दूध देऊ नये, एवढं सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. रोज रात्री साडेनऊला झोपते, सातला उठते, म्हणजे झोप भरपूर. तरीही शाळेत चुळबुळ करते, लक्ष नसतं अशी बाईंची तक्रार आहे. वर्षभरात वजन बरंच वाढलं. झोपेत घोरते, तोंड उघडं असतं, उशी घामाने भिजते. मध्यंतरी थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. मानेवर काळपट पट्टा आला आहे, घासूनही जात नाही. घरचे म्हणतात, जाड मुलं घोरतातच.
— एक वडील, खारघर

उत्तर : दादा, हे पत्र मी सगळ्यांत वर ठेवलं होतं. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री घोरणं, तोंडाने श्वास, घाम, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, हे सगळं एकत्र आलं की झोपेत श्वास अडतोय का हे बघावं लागतं. या वयात नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी आणि टॉन्सिल मोठे असणं हे त्याचं नेहमीचं कारण. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा जागा होतो. घड्याळात साडेनऊ तास भरतात, पण गाढ झोप मिळत नाही. मोठी माणसं अशी झोप झाली की पेंगतात, मुलं उलट चुळबुळतात, चिडतात. म्हणून शाळेची तक्रार 'लक्ष नाही' अशी येते आणि मुलीला उगाच बोलणी बसतात.

वजन आणि श्वास एकमेकांना बिघडवत राहतात. चरबीने घशाची वाट अरुंद होते, मोडक्या झोपेने भूक वाढते.

आज रात्री ती गाढ झोपल्यावर फोनवर दोन मिनिटांचं चित्रीकरण करा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असं, आवाजासह. श्वास थांबून मग दचकून सुरू होताना दिसला तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. गरज वाटल्यास ते रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील. शस्त्रक्रिया करावी लागली तर त्यानंतर घसा मोकळा झालेली मुलं जास्त खातात आणि काहींचं वजन आणखी चढतं, तेव्हा पुढचं वर्षभर वजन-उंचीची नोंद ठेवा.

मानेवरचा पट्टा म्हणजे मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन जास्त फिरत असलं की त्वचा अशी जाड आणि काळी होते. घासणं आजपासून बंद, त्वचा सोलवटते आणि मुलीला आपण अस्वच्छ आहोत असं वाटू लागतं. रक्तातली साखर तपासून घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. माझं वजन ६४ किलो आहे. क्लास साडेनऊला सुटतो, मग अभ्यास आणि मोबाइल मिळून रात्री दीड-दोन होतात. मैत्रीण म्हणाली की जागं राहिलं की जास्त कॅलरी जळतात, म्हणून मी मुद्दाम जागते. सकाळी नाश्ता करत नाही. रविवारी बारापर्यंत झोपते. वजन कमी का होत नाही? वर्गातली मुलं नावं ठेवतात.
— नेरूळ

उत्तर : बाळा, तू स्वतः पत्र लिहिलंस याचा मला फार आनंद झाला.

मैत्रिणीचं म्हणणं थोडंसं खरं आहे. जागेपणी कॅलरी थोड्या जास्त जळतात. कोलोरॅडो विद्यापीठात १६ मोठ्या माणसांना पाच दिवस रोज पाचच तास झोपू दिलं, तेव्हा शरीराचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. पण त्यांनी त्याहून कितीतरी जास्त खाल्लं, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर, आणि पाच दिवसांत सरासरी ०.८ किलो वजन वाढलं. तुझ्या टेबलावर रात्री एक वाजता काय असतं, ते तूच आठवून बघ. जागरणाने वजन कमी होत नाही, ते आजच सोड.

तुला ८ ते १० तास झोप हवी. वयात येताना शरीराचं घड्याळ मुळातच तास-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे दहाला झोप न येणं ही तुझी चूक नाही. तू जेवण क्लासच्या आधी उरकून घे. क्लासहून आल्यावर फक्त उद्याचा अत्यावश्यक अभ्यास कर आणि अकराला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव. उरलेला अभ्यास सकाळी. सकाळचा नाश्ता चुकवू नकोस, पोहे, अंडं, थालीपीठ, काहीही चालेल. उपाशी राहिलीस की क्लासच्या मधल्या सुट्टीत वडापावशिवाय दुसरं काही सुचत नाही. रविवारी नेहमीपेक्षा तासभर जास्त झोप, बारापर्यंत नको, नाहीतर रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार पुन्हा दोनवर जातो.

तुझी उंची तू लिहिलेली नाहीस, त्यामुळे ६४ किलो जास्त आहेत की नाहीत हे मी सांगू शकत नाही. आईबरोबर डॉक्टरांकडे जाऊन उंची, वजन आणि पाळी नियमित आहे का, हे दाखवून ये. नावं ठेवणाऱ्या मुलांबद्दल वर्गशिक्षिकेला सांग, एकटीने सांगायची भीती वाटत असेल तर आईला सोबत ने. तुझं शरीर टिंगलीचा विषय नाही, कुणाच्याही.

प्रश्न : मुलांसाठी मेलॅटोनिनच्या गोड गोळ्या ऑनलाइन मिळतात. सहा वर्षांच्या मुलाला लवकर झोपवण्यासाठी देऊ का? चहा मात्र तो आमच्याबरोबर घेतो.
— वर्तकनगर, ठाणे

उत्तर : गोळ्या स्वतःहून देऊ नका. ते संप्रेरक आहे, खाऊ नव्हे. काही ठरावीक आजारांत आम्ही ते देतो, मोजून आणि लक्ष ठेवून. चहा बंद करा, संध्याकाळचा तर आधी. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. कोला आणि कोल्ड कॉफीही त्यातच आली. महिनाभर चहा बंद ठेवून, उजेड कमी करून, वेळ पाळूनही तो जागाच राहत असेल, तर त्याची दोन आठवड्यांची झोपेची नोंद वहीत लिहा, किती वाजता आडवा झाला, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.